रक्तातील कर्कपेशींचा शोध : उपयोग आणि मर्यादा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून सभासद-कुटुंबांतील चाळिशीपुढील सर्व स्त्रीपुरुषांची 'रक्तातून कर्करोग ओळखण्याची' तपासणी करून घ्यावी, अशी एक सूचना कार्यकारी मंडळापुढे आलेली आहे. सूचनेमागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. या रोगाने ज्या घरात पाऊल टाकले नाही असे घर आज आपल्यात शोधावे लागेल. आणि बहुतेक ठिकाणी 'थोडे आधी कळले असते तर' हेच उद्गार मागे उरतात. तेव्हा एका सुईच्या टोचणीने आधी कळत असेल, तर कोणास ते नको आहे ? परंतु निधीचा पैसा हा सभासदांनी पोटास चिमटा घेऊन जमविलेला पैसा आहे. तो खर्च करण्यापूर्वी ही तपासणी म्हणजे काय, ती कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, याची फोड सर्वांसमक्ष व्हावी, असे अध्यक्षांना वाटले व ते काम त्यांनी आमच्याकडे सोपविले. आमची हयात सूक्ष्मदर्शकाच्या नळीस डोळा लावून गेलेली असल्यामुळे आम्हीही ते आनंदाने स्वीकारले.

रक्तात कर्करोगाच्या पेशी सापडतात हा शोध नवा नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे थॉमस अॅशवर्थ नावाच्या वैद्याने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका गृहस्थाचे शवविच्छेदन केले. त्या माणसाच्या छातीवर व पोटावर त्वचेखाली अनेक गाठी होत्या. अॅशवर्थने त्याच्या पायाच्या शिरेतील रक्त काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गाठीतील पेशींसारख्याच हुबेहूब पेशी त्यास त्या रक्तात आढळल्या. एकाच माणसाच्या अंगावर इतक्या गाठी कशा झाल्या याचे उत्तर कदाचित या पेशींत असावे, असे त्याने नमूद करून ठेविले. पुढे १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या शस्त्रवैद्याने स्तनांच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यास असे दिसले की, रोग शरीरात वाटेल तेथे पसरत नाही. यकृत, हाडे अशा ठरावीक जागी तो घर करतो आणि तितकेच रक्त पोहोचणाऱ्या दुसऱ्या जागा मोकळ्या सोडतो. त्याने बियाण्याचा दाखला दिला. बी चहूकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच रुजते. आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांस हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कातळावर पडलेले भात कोणी कापून आणलेले नाही.

मूळ गाठीपासून सुटून रक्ताबरोबर फिरणाऱ्या या पेशींस इंग्रजीत 'सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स' म्हणतात. आम्ही त्यांस 'भटक्या कर्कपेशी' म्हणू. त्यांतील बहुसंख्य पेशी काही तासांतच मरतात. रक्ताच्या प्रवाहाचा ताण त्यांस सोसत नाही आणि शरीराचे पहारेकरी त्यांस गाठतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, रक्तात शिरलेल्या दहा हजार पेशींतील एखादीही दुसरीकडे जाऊन गाठ उभी करू शकली तर पुष्कळ. पण तेवढी एक पुरते, हेच या रोगाचे दुष्टपण होय.

अॅशवर्थनंतर शंभराहून अधिक वर्षे या ज्ञानाचा रोग्यास काही उपयोग झाला नाही, याचे कारण गणितात आहे. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे ५०० कोटी असतात आणि पांढऱ्या पेशी सुमारे ४० ते ११० लाख. रोग बराच पसरलेल्या माणसाच्याही तितक्याच रक्तात भटकी कर्कपेशी एखादी असेल किंवा नसेल. भाताच्या कोठारात एक वेगळा दाणा पडला आहे आणि तो अंधारात हाताने चाचपून काढावयाचा आहे, अशी कल्पना करा.

हा दाणा वेचण्याची जी रीत प्रथम मान्य झाली तिचे नाव 'सेलसर्च'. ती मोठी चतुराईची आहे. कर्करोगाच्या बहुतेक गाठी शरीराच्या अस्तरांपासून, म्हणजे त्वचा, आतडे, स्तनांतील दुग्धनलिका, पौरुषग्रंथी यांपासून उगवतात. अशा अस्तराच्या पेशीच्या अंगावर 'एपकॅम' नावाचे एक प्रथिन असते. रक्ताच्या स्वतःच्या पेशींवर ते नसते. त्या प्रथिनास नेमके चिकटणारे प्रतिपिंड अतिसूक्ष्म लोहकणांवर बसवितात आणि ते कण रोग्याच्या साडेसात मिलिलिटर रक्तात मिसळतात. मग नळीजवळ लोहचुंबक आणला की, लोहकण ज्यांस चिकटले त्या पेशी ओढल्या जातात व उरलेले रक्त वाहून जाते. तरीही काही पांढऱ्या पेशी सोबत येतातच. म्हणून तीन खुणा पाहतात. पेशीस केंद्रक असले पाहिजे; तिच्या आत केराटिन जातीचे प्रथिन असले पाहिजे; आणि पांढऱ्या पेशीची खूण असणारे 'सीडी-४५' तिच्यावर नसले पाहिजे. या तिन्ही कसोट्यांस उतरेल तीच कर्कपेशी म्हणून मोजावयाची. यंत्र चित्रे काढून समोर ठेविते, निवाडा मात्र अखेर माणसाच्याच डोळ्याने होतो, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. रक्त विशिष्ट नळीत घेतले तर ते साध्या तापमानावर ९६ तासांपर्यंत टिकते, त्यामुळे दूरच्या प्रयोगशाळेसही पाठविता येते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तपासणीस २००४ साली परवानगी दिली ती केवळ पसरलेल्या स्तन-कर्करोगापुरती. पुढे २००७ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि २००८ मध्ये पौरुषग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगासाठी ती वाढविण्यात आली. 'पसरलेल्या' या शब्दाकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. आजच्या सगळ्या वादाचे मूळ त्या एका शब्दात आहे.

परवानगीस आधार झालेला अभ्यास १७७ स्त्रियांचा होता. या सर्वांचा रोग मूळ जागेपलीकडे गेलेला होता आणि त्या नवीन उपचार सुरू करण्याच्या बेतात होत्या. ज्यांच्या साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक भटक्या पेशी सापडल्या त्यांच्यापैकी निम्म्यांचा रोग २.७ महिन्यांतच पुढे सरकला. पाचांपेक्षा कमी असणाऱ्यांत हीच मुदत ७ महिन्यांची होती. आयुर्मानातही तसाच फरक दिसला : पहिल्या गटात मध्यम आयुष्य १०.१ महिने, दुसऱ्यात १८ महिन्यांहून अधिक. एका नळीभर रक्तावरून पुढील वाट इतकी स्पष्ट दिसावी, हे खरोखर विलक्षण होते.

येथपर्यंत ऐकून कोणाच्याही मनात सहज येईल की, वाट दिसली म्हणजे ती बदलताही येईल. पेशी कमी होत नाहीत असे दिसले की औषध बदलावे, आणि रोग्याचे आयुष्य वाढवावे. तर्क सरळ आहे. परंतु वैद्यकात सरळ तर्कास परीक्षेवाचून उत्तीर्ण करीत नाहीत, आणि ही परीक्षा अमेरिकेतील 'स्वॉग' या संशोधन-संघाने घेतली. तिचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. ५९५ स्त्रियांपैकी २७६ जणींच्या रक्तात आरंभीच पेशी कमी होत्या. १६५ जणींच्या पेशी उपचाराच्या पहिल्या २१ दिवसांनंतर कमी झालेल्या आढळल्या. १२३ जणींच्या मात्र उतरल्याच नाहीत. या १२३ जणींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटास चालू औषधच दिले, दुसऱ्याचे औषध तत्काळ बदलले. पहिल्या गटाचे मध्यम आयुष्य १०.७ महिने भरले व दुसऱ्याचे १२.५. या अंतरास शास्त्रीय दृष्ट्या अर्थ नव्हता. भविष्य मात्र पुन्हा अचूक ठरले : आरंभीच कमी पेशी असणाऱ्यांस सुमारे ३५ महिने, नंतर उतरलेल्यांस २३, आणि न उतरलेल्यांस अवघे १३.

बंधुभगिनींनो, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याने हा निकाल नीट समजून घ्यावा. पंचांग पावसाचा अंदाज सांगते; पाऊस पाडीत नाही. रोग जुमानत नाही हे आधी समजले, पण हाताशी असलेले दुसरे औषधही तितकेच दुबळे होते, म्हणून समजण्याचा लाभ झाला नाही. दोष तपासणीचा म्हणता येत नाही, पण तिच्यावर खर्च करणाऱ्यास लाभ झाला असेही म्हणता येत नाही. पुढे फ्रान्समध्ये एक वेगळा प्रश्न विचारला गेला. काही स्त्रियांच्या बाबतीत केवळ संप्रेरकांच्या गोळ्या पुरतील की केमोथेरपी द्यावी, याबद्दल डॉक्टरांच्याही मनात शंका असते. अशा वेळी पेशींची संख्या पाहून ठरविले, तर डॉक्टरांच्या अनुमानापेक्षा निदान वाईट तरी होत नाही, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखविले. हा उपयोग मर्यादित असला तरी खरा आहे.

आता निरोगी माणसांकडे वळू, कारण आपल्यापुढील सूचना त्यांच्याविषयी आहे. २००४ सालच्याच एका अभ्यासात कर्करोग नसलेल्या ३४४ स्त्रियांचे रक्त तपासले होते. त्यांत दोन किंवा अधिक पेशी केवळ एकीच्याच रक्तात सापडल्या. म्हणजे सेलसर्च तपासणी निरोगी माणसावर सहसा खोटा आळ घेत नाही. तिची उणीव दुसऱ्या बाजूस आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे, ज्यांची गाठ अद्याप मूळ जागीच होती अशा ३०२ स्त्रियांचे रक्त तपासण्यात आले व ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांस कर्करोग आहे हे आधीच सिद्ध झालेले होते. तरी शंभरांत केवळ २४ जणींच्या रक्तात एखादी तरी भटकी पेशी मिळाली. उरलेल्या ७६ जणींस, आपल्या शिबिरात त्या आल्या असत्या तर, 'काही नाही, निर्धास्त राहा' असा कागद आपण हाती दिला असता. छातीत गाठ हातास लागत असताना तो कागद पाहून एखादी भगिनी सहा महिने घरी बसली, तर त्या सहा महिन्यांचा हिशेब कोणी द्यावा ?

यात आश्चर्य नाही. शरीरात रक्त सुमारे पाच लिटर. त्यांतील चमचा-दीड चमचा आपण पाहतो. गाठ लहान असताना पेशी क्वचित सुटतात. शिवाय पसरावयास निघालेली पेशी अनेकदा आपला अस्तराचा वेश टाकून देते, तिच्यावरील एपकॅम कमी होते आणि चुंबकास ती दाद देत नाही. हाडांचे व स्नायूंचे सार्कोमा किंवा रक्ताचे कर्करोग तर या जाळ्यात मुळात येतच नाहीत.

आता बाजारात इतरही रक्ततपासण्या आहेत आणि त्यांचे दावे याहून मोठे आहेत, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक साधा हिशेब मनाशी करावा. भारतात स्तन-कर्करोग वर्षास लाख स्त्रियांमागे सुमारे २५ ते ३० जणींस नव्याने होतो. पन्नाशीपुढे हे प्रमाण वाढते, तरी हजारी एकीच्या आसपासच राहते. समजा, आपल्यातील एक हजार भगिनींची तपासणी केली आणि ती तपासणी निरोगी माणसात शंभरांत एकदाच चुकणारी आहे. तरीही दहा निरोगी स्त्रियांस कर्करोगाचा संशय लागेल आणि खरी रोगी एखादी असेल किंवा नसेल. त्या दहा जणींच्या घरी पुढील दोन महिने काय वातावरण असेल, किती चित्रणे व किती सुया होतील, आणि त्यांचा खर्च निधी देणार की घरचा माणूस, हे सूचनेत लिहिलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्रात उद्योग चालू आहे, याचा आम्हांस आनंद आहे. पुण्यात विकसित झालेल्या 'ऑन्कोडिस्कव्हर' या पेशी मोजण्याच्या तपासणीस भारताच्या औषध नियंत्रकांचा परवाना मिळालेला आहे. तीतही प्रतिपिंड व चुंबकीय कण यांचाच उपयोग केला आहे. नाशिकच्या एका संस्थेच्या स्तन-कर्करोगावरील रक्ततपासणीस २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' असा दर्जा दिला. त्या दर्जाचा अर्थ परीक्षण त्वरेने व्हावे एवढाच असतो. तो मान्यतेचा शिक्का नव्हे. वर्तमानपत्रांतील मथळे हा भेद करीत नाहीत, म्हणून येथे सांगितला.

पेशी न शोधता त्यांच्या मोडतोडीतून रक्तात उतरलेला डीएनए शोधण्याची एक भगिनी-तपासणी आहे आणि तिने काही बाबतींत पुढे मजल मारली आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात विशिष्ट गोळी लागू पडेल की नाही हे रक्तातील डीएनएवरून ठरविण्यास अमेरिकेत २०१६ पासून मान्यता आहे. अॅशवर्थच्या ऑस्ट्रेलियातच ४५५ रोग्यांवर झालेल्या एका अभ्यासात, आतड्याच्या दुसऱ्या पायरीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर रक्तात असा डीएनए उरला आहे का हे पाहून केमोथेरपी ठरविली. ती घेणाऱ्यांचे प्रमाण शंभरी २८ वरून १५ वर आले आणि रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. हा निकाल २०२२ चा. कित्येकांची व्यर्थ केमोथेरपी वाचली. तपासणीने माणसाचे काहीतरी वाचले पाहिजे, ही आमची कसोटी ती अशी.

जाता जाता एका गैरसमजाविषयी. 'गाठीस सुई लावू नका, चाकू लावला की रोग उडतो' हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते. भटक्या पेशी सुई लावण्यापूर्वीच रक्तात जाऊ शकतात, हे वर सांगितलेच. सुई टाळल्याने त्या थांबत नाहीत. केवळ निदान थांबते. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सुटत असाव्यात अशी शंका शास्त्रज्ञांसही आहे, पण त्यांनी तीवर शस्त्रक्रिया टाळण्याचा उपाय काढला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिर करण्याचे साधे औषध टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर ते घेतलेल्यांत शंभरी ९०.१ जणी हयात होत्या, न घेतलेल्यांत ८६.४. हा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. दात काढताना वापरतात तेच हे औषध. त्याची किंमत ती काय!

स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०२२ साली आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. स्तन-कर्करोगाच्या ३० रोगी स्त्रियांचे रक्त पहाटे चार वाजता व सकाळी दहा वाजता घेतले, तेव्हा सापडलेल्या पेशींपैकी सुमारे ७८ टक्के पहाटेच्या, झोपेतल्या रक्तात होत्या. आता यावरून रोग्यास जागे ठेवू नका म्हणजे झाले ! झोप शरीरास हवीच. नमुना कोणत्या वेळी घेतला यावर आकडा बदलतो, एवढाच बोध घ्यावयाचा. या पेशी झुंडीने फिरतात तेव्हा एकट्यादुकट्या पेशींपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरतात, असे उंदरांत दिसले आहे. हृदयविकारात दिले जाणारे जुने डिजॉक्सिन देऊन अशा झुंडी लहान होतात असे २०२५ साली नऊ रोग्यांत आढळले. नऊ जणांवरून उपचार ठरत नाही. कोणी ते औषध आपल्या मनाने घेऊ नये, ते जपून देण्याचे औषध आहे.

मग निधीने करावे काय ? त्याचे उत्तर आपल्याच प्रांतात मिळालेले आहे. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतून टाटा रुग्णालयाने ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, थोडे शिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या भगिनी दर दोन वर्षांनी घरोघरच्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासीत आणि गर्भाशयाच्या मुखास पातळ आम्ल लावून ते डोळ्यांनी पाहत. यंत्र नाही, चुंबक नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तन-कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, तर त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निकाल २००९ चा. केरळात तंबाखू व दारू यांचे व्यसन असणाऱ्यांचे तोंड उजेडात नुसते पाहिल्याने मुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले.

यास्तव आम्ही कार्यकारी मंडळास लेखी कळविले आहे की, निरोगी सभासदांच्या रक्ततपासणीचे शिबिर घेऊ नये. त्या रकमेतून तीस ते पासष्ट वयाच्या भगिनींसाठी स्त्री-डॉक्टरांकडून स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी आणि तंबाखू खाणाऱ्या सर्वांची मुखतपासणी, अशी दर दोन वर्षांनी योजावी. ज्यांस रोग झालेलाच आहे अशा सभासदास त्याच्या कर्करोगतज्ज्ञाने भटक्या पेशींची अथवा डीएनएची तपासणी लिहून दिली, तर 'या उत्तरावरून उपचारात कोणता बदल होईल' एवढा एकच प्रश्न अर्जात विचारावा, आणि उत्तर मिळाल्यास निधीने आपला वाटा विनातक्रार उचलावा.

एक अडचण मात्र पैशाने सुटणारी नाही. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, सोयरिकीची बोलणी चालू आहेत, म्हणून आईची गाठ वर्षभर पदराआड राहिलेली आम्ही आमच्या प्रयोगशाळेत एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. तेव्हा शिबिरातील कागद मंडळाच्या दप्तरी न ठेवता ज्याचा त्याच्या हाती बंद लिफाफ्यात द्यावेत आणि सभासदांची नावे कोठेही वाचू नयेत, अशीही आमची विनंती आहे. महिला शाखेच्या भगिनींनी घरोघर जाऊन नावे घेण्याचे मान्य केले आहे. पहिली तपासणी दिवाळीनंतरच्या दोन रविवारी व्हावी, असा विचार आहे.